कंपनीचं घर पाहणं

मुलाखत घेणाऱ्याने मारिसेलला आधी तिच्या मागचं न्यूयॉर्क काढायला सांगितलं. तिने बटण दाबलं. उंच इमारती गेल्या. त्यांच्या जागी भातशेतीच्या मुलखातल्या गोरेगावच्या घरातली धानाची पोती आली, आणि पोत्यांना टेकून लाखोरीची भाजी निवडत बसलेल्या सासूबाई, शामकला.

"तुम्ही फिलिपाइन्सच्या," लॅपटॉपमधला आवाज इंग्रजीत म्हणाला. "राहता भारतात. घरून काम हवंय. खरं वाटत नाही. आम्हाला फार लोकांनी फसवलंय."

"मलाही," मारिसेल म्हणाली.

एका कंपनीने तर अर्ज न वाचताच तिला मॅनेजर केलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत ती कंपनीच उरली नव्हती. तरी ती शोधत राहिली. लग्न होऊन इथे आल्यापासून ती माहेरी गेली नव्हती. नवरा हेमेंद्र कोहमाऱ्याला ढाबा चालवायचा. ढाबा चालत होता, पण विमानाच्या तिकिटापर्यंत पोचेल इतका नाही. खरी नोकरी लागली तर आईला भेटता येणार होतं. एवढंच.

खात्री पटावी म्हणून तिने लॅपटॉप उचलला आणि घर फिरवून दाखवलं. चूल, मोरी, ओसरीवरची मोटारसायकल, तिच्या सीटवर बसलेली कोंबडी. कोंबडी उठली नाही.

"मारी," शामकलाबाई म्हणाल्या. सुनेचं पूर्ण नाव त्यांच्या तोंडात मावत नसे, म्हणून त्यांनी ते बिस्किटाएवढं केलं होतं. "हा आपलं सारं घर पाहून रायला, अन् याचं तोंडबी दिसत नाई."

पडद्यावर कंपनीचं निळं चिन्ह तेवढं होतं.

"असंच असते, आई. कंपनी हाय." मारिसेल मराठी सासूकडूनच शिकली होती.

"कंपनी असो का राजा असो. पोरगी द्याची तं आमी पयले घर पाहाले जातो. चूल पाहातो, पानी कुठून भरतेत ते पाहातो. सांग त्याले."

मारिसेलने सांगितलं. सासूला नाही म्हणण्यापेक्षा नोकरी घालवणं सोपं होतं.

पलीकडचा आवाज म्हणाला, "आम्ही कुठून बोलतो ते दाखवायची परवानगी नाही."

"घर दाखवत नाई म्हन्जे काहीतरी खोट हाय," शामकलाबाई म्हणाल्या, आणि उठून त्यांनी लॅपटॉपची वायर धरली.

"प्लीज," मारिसेल पडद्याला म्हणाली. "त्या खरंच काढतात."

निळं चिन्ह गेलं. तिथे वर टाय आणि खाली हाफपँट घातलेला एक तरुण आला. तोंडावळा थेट मारिसेलच्या भावासारखा. तो उठला आणि कॅमेरा घेऊन स्वयंपाकघरात गेला. गॅस दाखवला. भाताचं पातेलं दाखवलं. दोरीला टांगलेली सुकी मासळी दाखवली.

"भात खातेत," शामकलाबाईंनी निकाल दिला. "लोक बरे दिसतेत. पानी?"

नळ खिडकीपाशी होता. तरुणाने नळ सोडून दाखवला. खिडकीबाहेर खाडी होती, तिच्यात एक मोटारबोट, आणि पलीकडे हिरवं बेट.

मारिसेलने भाषांतर करायचं सोडलं.

"पटलं ना?" तरुण म्हणाला. "मलाही पटलं. सोमवारपासून कामावर या. म्हणजे, बसा. कॅमेरा बंद करतो आता."

"नको. थांबा."

"काय झालं व?" शामकलाबाई म्हणाल्या. "खोटी निघाली?"

"खरी हाय, आई. लागली नोकरी."

"मंग रडून कायले रायली?"

मारिसेलने पडद्यावर बोट ठेवलं. "हे इलोइलो होय, आमच्याकडलं शहर. अन् ते बेट आमचं. गिमारास. घर नाई दिसत इथून, आंब्याच्या मांगं हाय. तिथं माझी माय रायते."

शामकलाबाईंनी वायर सोडली. हात पदराला पुसले, पुढे सरकून त्या बोटभर हिरव्याकडे बराच वेळ पाहिलं. मग लॅपटॉपपाशी तोंड नेलं, आणि शेताच्या धुऱ्यावरून पलीकडच्या बांधीतल्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या, "ओ भाऊ! त्या बाईले जरा आवाज द्या ना. म्हना, पोरगी बोलावून रायली."

मारिसेलने ते जसंच्या तसं सांगितलं. इंग्रजीत नाही, माहेरच्या भाषेत.

तरुणाने पाण्याकडे पाहिलं. बेटाकडे पाहिलं. मग त्याने टाय सैल केला आणि खिडकी उघडली.