तिसरं अक्षर

पोलीस ठाण्यात जाऊन व्यंकटरावांना मिळणार काय होतं? एक कप चहा, आणि समोर बसून ऐकून घेणारा माणूस. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत यांपैकी चहाच तेवढा होता, तोही स्वतःच्या हातचा. म्हणजे सौदा अगदीच तोट्याचा नव्हता.

"त्या व्हिडिओतला 'वा' माझा आहे," त्यांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं.

इन्स्पेक्टर सांडूंनी मोबाइल टेबलावर ठेवून तो तुकडा पुन्हा लावला. गुलमंडीत एका कापड दुकानाच्या माडीवरचं कविसंमेलन. तरुण कवी सत्यमचा तापलेला आवाज: "लई अंधार झालाय, पोरांहो, पेटवा!" साऱ्या शहरानं हेच ऐकलं होतं. दहशतवादाला चिथावणी दिली म्हणून सत्यम आत होता, तो याच एका शब्दापायी.

"तो 'पेटा' म्हणाला हो. मी पहिल्या रांगेत होतो. त्याचा शब्द संपायच्या आत मी दाद दिली. पेटा, वा! दोन्ही एकात एक गेले, 'टा'चा 'ट' झाला."

दाद द्यायची घाई ही व्यंकटरावांची जुनी खोड. महिन्यात मोठ्यानं उच्चारायला मिळणारा तो एकच शब्द. माणूस दम धरणार तरी किती?

सांडू खुर्चीत रेलले. "पेटा म्हणजे आपलं आपण. पेटवा म्हणजे दुसऱ्याचं. पहिल्याची कविता होती, दुसऱ्याला कलम लागतं. कायद्याला एवढा 'वा' बास होतो, काका." मग हसले. "पण तो तुमचा म्हणता, तर चिथावणी दोघांनी मिळून दिली की! त्यानं चालू केली, तुम्ही पुरी केली. घेऊ लिहून तसं?"

"घ्या," व्यंकटराव म्हणाले.

"आता काय बोलावं! अहो, पहिल्या रांगेत कोण होतं म्हणून आयोजकाला विचारलं, तर त्याला तुम्ही आठवेनात."

व्यंकटराव त्या माडीवर दर महिन्याला जात. तिथल्या सतरंज्याही तेच घालू लागत.

सांडूंनी कोरा कागद पुढं ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि सत्यमला बाहेर आणवलं.

"या काकांना ओळखतो का रं? वा यांचा होता म्हणतात. यांचंबी नाव घालतो तुझ्यासंगं."

सत्यमचा हात नमस्काराला वर आला. मग त्याला कागद दिसला, उघडं पेन दिसलं. हात तसाच खाली गेला.

"नाय, साहेब. हे काका त्या दिवशी नव्हतेच."

"अरे, असं काय करतोस? कविता संपवून पाया पडलास की माझ्या! तुमच्यासारखं ऐकणारं दुसरं कुणी नाय, म्हणालास."

"दुसरं कुणी असंल ते." सत्यम त्यांच्याकडं न बघता बोलला. "तुम्ही घरी जावा, काका. ऊन लई हाय."

सांडूंनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. त्यांना काय ते कळलं असावं. पण कळणं कागदावर लिहिता येत नाही. त्यांनी टोपण लावलं. "ऐकलंत? तुम्ही नव्हताच. च्या घ्या आन् निघा."

सत्यम आत गेला. व्यंकटरावांच्या ओठांपर्यंत एक 'वा' आला होता. या खेपेला तो त्यांनी गिळला.

चहा निवला होता. समोरचा माणूस दुसऱ्या कामाला लागला होता.

शब्द तीन अक्षरांचा. दोन सत्यमची, तिसरं व्यंकटरावांचं. तिन्ही सत्यमच्या नावावर राहिली.