चहावरची साय

वृंदाताईंनी गॅलरीतल्या जास्वंदीवर कॅमेरा धरला आणि बटण दाबलं.

"माफ करा, हा फोटो जगात आधीच आहे," कॅमेरा म्हणाला.

फोटो साठवायला जगात जागा उरली नाही, तेव्हापासून कॅमेरे एकदा टिपलेलं दृश्य पुन्हा टिपत नसत. वृंदाताईंना हे ठाऊक होतं, तरी निवृत्तीनंतर रोजच्या जगण्यातलं काहीतरी सुंदर रोज टिपायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. आणि आज पहिल्याच सकाळी उगवता सूर्य, शेजारणीची रांगोळी, तारेवरचे पोपट, सगळ्याला या मेल्याचा नकार!

"अगं, चहा निवतोय," नवऱ्यानं, अनंतरावांनी, आतून हाक मारली.

त्या धुसफुसत टेबलाशी येऊन बसल्या. अनंतरावांनी नेहमीसारखा त्यांचा कप आधी स्वतःकडे ओढला आणि चहावर धरलेली साय बोटानं अलगद उचलली. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं, पण वृंदाताईंनी कधी तिकडे पाहिलंही नव्हतं. आज मात्र सकाळभर शोधाशोध करून त्यांची नजर जागी झाली होती.

"अहो, हलू नका."

"आता माझ्या बोटाचा फोटो काढतेस?"

खट्ट आवाज झाला. कॅमेरा चकार शब्द बोलला नाही.

वृंदाताई कितीतरी वेळ त्या फोटोकडे बघत राहिल्या. "अहो, अख्ख्या जगात असं दुसरं कुणी करत नाही म्हणे."

"त्यात काय एवढं?" बोट चाटून कप पुढे सरकवत अनंतराव म्हणाले. "तुला साय खपत नाही, म्हणून काढतो."