पायलटचा चहा

मृदुला तांडेल दोराच्या शिडीने जहाजावर चढली. साथ आल्यापासून जहाज बंदरात आणणारा पायलट काचेच्या अलीकडे आणि खलाशी पलीकडे, असा नियम होता. पहारा जहाजच करायचं. हवेत उघडा श्वास मिसळला की त्याला तत्क्षणी कळायचं, आणि मग ते कुणालाही किनाऱ्यावर उतरू देत नसे.

सुकाणूपाशी वाफाळता चहा ठेवलेला होता. पायलटला चहा द्यायची रीत खलाशांनी मोडली नव्हती. मास्क काढावा लागेल म्हणून तो चहा प्यायचा मात्र नसे. मृदुलाची नजर बंदराच्या तोंडावर होती. जुन्या सवयीने हात कपाकडे गेला, मास्क खाली आला आणि तिने घोट घेतला.

पलीकडून कॅप्टन मयेकर काच बडवू लागले. "मॅडम, काय केलंत हे!"

शिडी आपोआप वर ओढली गेली. जहाज बंदराकडे पाठ करून खोल समुद्राकडे वळलं.

"जयवंतदादा, बोट लावा! मला उतरायचंय!" तिला जहाजापाशी सोडून गेलेल्या बोटवाल्याला ती वायरलेसवर ओरडून म्हणाली.

उत्तर यायच्या आत मधली काच बाजूला सरकली. जहाजाने तिला आपल्या माणसांत धरलं होतं.

"इकडे येऊ नका," मयेकर तोंडावर रुमाल दाबत म्हणाले.

त्यांच्या मागे अंधारात कुणीतरी खोकलं.