वेगळी चूल

वेणू घाईघाईने दुसरी चूल लिंपत होती आणि तिची सासू बनूबाई ती जुनी दिसावी म्हणून आत राख पसरत होती. घरांची मोजणी करणारा साहेब गल्लीच्या तोंडाशी येऊन पोचला होता.

विठ्ठलवाडीच्या रुळांलगतच्या या झोपड्या सरकार हटवणार होतं. बदल्यात अंबरनाथला पक्क्या खोल्या मिळणार होत्या, एका कुटुंबाला एक. कुटुंब किती, ते चुलीवरून ठरणार होतं. दोन चुली मांडायची कल्पना बनूबाईचीच. तिचा एकुलता एक मुलगा धाकलू तीन वर्षांपूर्वी तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. "मी डोळे मिटले की त्याचे चुलतभाऊ येतील नि तुला बाहेर काढतील," ती सुनेला म्हणाली होती. "तुझ्या नावाची खोली असली म्हंजे कुणाला भ्यायला नको." त्यासाठी साहेबासमोर थोडं भांडायचं होतं, एवढंच.

साहेबाचं नाव दिनानाथ. तो वाकून आत आला आणि त्याने नव्या चुलीवर बोट दाबलं. बोटाला माती लागली.

"ओली आहे," तो म्हणाला. "वेगळ्या कधी झालात?"

"लई दिवस झाले," बनूबाई म्हणाली. "ही मला चिमूटभर मीठ देत नाय."

"आणि ही माझी लाकडं चोरते," वेणू म्हणाली, आणि तिलाच हसू आलं. बनूबाईनेही तोंडाला पदर लावला.

साहेबसुद्धा हसला. माणूस वाईट नव्हता. "मावशी, माझ्याही घरात सासू-सून आहेत. भांडण असं नसतं. एकच खोली लिहितो." तो जायला वळला.

वेणूने सासूकडे पाहिलं. म्हातारीचा चेहरा उतरला होता. इतके दिवस ती त्या दुसऱ्या खोलीचंच बोलत होती. आता साहेब दाराबाहेर पडला की संपलं. वेणूच्या तोंडून शब्द निघाले ते तिने ठरवलेले नव्हते.

"साहेब, हिच्या हातचं मला गिळवत नाय. माझा नवरा तापाने फणफणला होता. निर्वासितांच्या कॅम्पातला दवाखाना इथनं हाकेवर. मी टांगा आणून उभा केला होता. तर ही दारात आडवी बसली. भगताचा अंगारा लावलाय, उतरंल म्हणाली. सकाळी तो गेला. हिनं मारला माझा नवरा."

तीन वर्षांत ती हे एकदाही बोलली नव्हती. साहेबाचं हसू मावळलं. त्याने बनूबाईकडे पाहिलं. ती मांडीवरच्या राखेने माखलेल्या हातांकडे पाहत होती. त्याने मान खाली घातली आणि दोन कुटुंबं लिहिली.

तो गेल्यावर वेणूने सुटकेचा निःश्वास टाकला. "मिळाली, आत्याबाई," ती म्हणाली. बनूबाई उठून हात धुवायला बाहेर गेली. तिला अजून सोंग वठवायचं असेल, असं वेणूला वाटलं. दुसऱ्या दिवशी तसं वाटेना. मग झोपड्या पाडल्या, सामान बैलगाडीत चढलं, आणि त्या सगळ्या गडबडीत म्हातारी कामापुरतंच बोलत राहिली.

खोल्या मिळाल्या त्या एकमेकींना लागून. पहिल्या संध्याकाळी वेणूने दोघींचा भात केला, वर सुकटीची चटणी, आणि बोलवायला गेली. बनूबाई दिव्यापाशी सुपात एकटीपुरते तांदूळ निवडत होती.

"आत्याबाई, चला जेवायला."

"तू जेव. माझं होतंच आहे."

वेणू दारातच खाली बसली. "मी ते खोलीसाठी बोलले," ती म्हणाली. "साहेबाला पटावं म्हणून. मनाला लावून घेऊ नका."

बनूबाईने सूप खाली ठेवलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"खोटं बोलायचं ठरलं होतं, पोरी. तू खरं बोललीस."