शेवटची पंगत

परदेशात कामाला गेलेला देवानंद तिथल्या लढाईतून सुखरूप वडनेरला परतला आणि स्वतःच्या घरी जायच्या आधी शेजारच्या जनकाबाईच्या पाया पडला.

"समताताईनं वाचवलं, मावशी. हाताले धरून विमानात बसवून देलं मले."

जनकाबाईने त्याला पाणी दिलं आणि त्याच्या मागे दाराकडे पाहिलं. वेडी आशा, दुसरं काय! दारात नुसती त्याची बॅग होती.

"अन् समता?"

"ताई थांबल्या. अजून तीनशेक लोक अडकून हायेत."

जनकाबाईची लेक समता त्या देशात भारताची राजदूत. परराष्ट्र खात्यात लागली तेव्हा जनकाबाईने पेढे वाटले, वरची जागा मिळाली तेव्हा पुन्हा पेढे, आणि राजदूत झाली तेव्हा अख्ख्या गल्लीला जेवण. मोठ्या माणसाला सरकार जपतं, अशी तिची भाबडी समजूत.

फोन वाजला. देवानंदनेच तो उचलून तिच्या कानाला लावला.

"माय, देवानंद पोचला का?"

"पोचला. तू कधी येशीन?"

"सारे निघाले की निघतो." पलीकडे धाडकन काहीतरी कोसळलं. "काही नाही, दार आपटलं."

दार कसं आपटतं हे काय जनकाबाईला माहीत नव्हतं?

"तू तं तिथली साऱ्यात मोठी. तुले कोन अडवते? बस ना आताच्या विमानात!"

"मोठी आहो म्हनूनच थांबली, माय. बुद्धजयंतीले वाढायचं सोडून मी पहिल्या पंगतीत बसली होती, आठवते? तुनं दंड धरून उठवलं. वाढनाऱ्यानं शेवटी बसावं, म्हने."

जनकाबाईला आठवलं. सात वर्षांची पोर रडत रडत पाणी वाढत होती. आपण पोरीला कसं वळण लावलं, हे जनकाबाई पुढे कितीतरी दिवस गल्लीत सांगत फिरली होती. आणि मग तिला उरलेलंही आठवलं. त्या दिवशी शेवटच्या पंगतीला खीर उरलीच नव्हती.

"ठेवतो माय, लोक खोळंबले."

"थांब!" जनकाबाई किंचाळलीच. "मी चुकली वं तवा, समते. तू आधी बस. आधी तू जेवून घे, बाई."

देवानंदने ओठाला लावलेला पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.