पिटुकलीची चाचणी

“हा ‘ब’ की ‘व’?” नव्या बाईंनी कार्ड वर धरलं.

पिटुकलीने आधी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे.

“भ.”

पहिलीच्या सगळ्या मुलांची वाचनाची चाचणी झाली होती. ही एकटीच अडली होती. नुकतीच दुसऱ्या गावाहून आलेली, चणीने एवढीशी, म्हणून वर्गाने नाव ठेवलं पिटुकली.

दारात थोरल्या बाई येऊन उभ्या राहिल्या. नव्या बाईंचा बांध फुटला.

“मला नाही हो जमत. एका पोरीला साधी अक्षरं शिकवता येईनात. नोकरीच सोडते.”

पिटुकली मान खाली घालून चित्र रंगवत होती.

“नुसती कार्डं नाचवू नकोस,” थोरल्या बाई म्हणाल्या. “तिच्याशी खेळ. कुठे अडते ते बघ.”

दुसऱ्या दिवसापासून नव्या बाईंनी फरशीवर खडूने अक्षरं काढली आणि पदर खोचून पिटुकलीबरोबर स्वतःही उड्या मारल्या. वाळूत बोटाने अक्षरं गिरवून घेतली. पिटुकली चुकायची, खुदकन हसायची. बाईंचं तोंड उतरलं, की नेमकं एखादं अक्षर बरोबर यायचं. बाईंना पुन्हा हुरूप यायचा.

शुक्रवारी थोरल्या बाई स्वतः चाचणी घ्यायला बसल्या. नव्या बाई खिडकीशी रुमाल पिळत उभ्या.

पिटुकलीने पुस्तकावर बोट ठेवलं. “ब... द... क. बदक.” तिने खिडकीकडे पाहिलं. “बदक त... तळ्यात... पोहते!”

नव्या बाईंनी धावत येऊन तिला उचललंच. “वाचलंस गं माझे बाई! वाचलंस!”

“मग, सोडतेस ना नोकरी?” थोरल्या बाईंनी विचारलं.

“छे हो! हिची जोडाक्षरं राहिलीत अजून!”

शाळा सुटली. फाटकाबाहेर बाकावर पिटुकलीचे आजोबा वर्तमानपत्र डोळ्यांपासून लांब धरून बसले होते.

“चष्मा घरीच राहिला बघ. ही मोठी बातमी काय म्हणतेय?”

पिटुकलीने पेपर ओढून घेतला. “‘मध्यवर्ती ग्रंथालयाच्या नूतनीकरणास प्रारंभ, विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र अभ्यासिका,’” तिने एका दमात वाचलं.

“शाबास! आणि तुझ्या चाचणीचं काय झालं?”

“माझी कुठे, आजोबा? बाईंची होती. झाल्या पास.”