पत्र्याची सावली

"आजी, हा पत्रा इथं कोणी लावला होता?"

गोपिकानं विचारलं. उद्याच्या कार्यक्रमासाठी आपल्या संशोधनाच्या अँटेनाचा फोटो काढायला म्हणून ती इतवारीतल्या जनाबाईंच्या गच्चीवर आली होती. उपग्रहांचे संदेश टिपणाऱ्या त्या अँटेनाला लागूनच वाकलेला पत्रा पडला होता.

"मीच," जनाबाई कौतुकानं म्हणाल्या. "एवढ्या उन्हात बिचारं यंत्र तापून राहिलं होतं. मंगळवारी सावली करून देल्ली. शुक्रवारी वादळात पडला पत्रा."

गोपिकानं फोनमधल्या नोंदी काढून वार ताडून पाहिले. मोठा भूकंप झाला की काही मिनिटांनी त्याचा हेलकावा आभाळाच्या वरच्या थरांत पोचतो आणि तिथून येणारे उपग्रहांचे संदेश थरथरतात, हे शास्त्रज्ञांना ठाऊकच आहे. गोपिकाला सापडलेली थरथर मात्र वेगळी होती. शुक्रवारी दूर समुद्रात भूकंप झाला, आणि तिच्या अँटेनावरचे संदेश मंगळवारपासूनच थरथरत होते. भूकंप तीन दिवस आधी कळतो! तिचे सर हुरळून गेले होते. उद्या अकरा वाजता पत्रकार येणार होते.

डोंगर पोखरून उंदीर निघाला असता तरी चाललं असतं, इथं पत्रा निघाला. संदेश त्याच्यावर आपटून थरथरले होते.

पत्रा उचलून भंगारात दिला असता तर कोणाला काही कळलं नसतं. चार वर्षांची मेहनत होती. पण गोपिकानं सरांना फोन लावून सगळं सांगून टाकलं. सर कार्यक्रम रद्द करतो म्हणाले.

आता जनाबाईंना सांगायचं राहिलं. शोधाची बातमी ऐकल्यापासून त्या गोपिकाला रोज विचारत, तीन दिवस आधी समजते म्हणजे पक्कं समजते का? आपल्या गच्चीचा त्यांना अभिमान वाटत असेल, असं गोपिकाला वाटे. त्यांचं मन मोडायचं तिच्या जिवावर आलं.

"आजी, माझंच चुकलं. भूकंप आधी नाही समजत. आजवर कोणालेच समजला नाही."

"पोटच्या पोरीलेही नसता समजला?"

प्रश्न विचित्र होता. "नाही आजी, कोणालेच नाही."

जनाबाईंनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं वं."

गोपिकाला ते लागलं. आपली चार वर्षं पाण्यात गेली, यात बरं काय झालं? पण जनाबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

"माही पोरगी शामला किल्लारीले देल्ली होती. महालक्ष्म्यांसाठी माहेरी आली, तं भूकंपाच्या तीन दिवस आधी म्हणे, आई, अजून चार दिस राहतो. मीच तिले बळंच बसमध्ये बसवून देल्लं."